खणाचे एक जाकीट आणि कामाचा आठवडा: कापडाच्या निवडीपासून निगेपर्यंत

अंबाबाईच्या ओटीतला आणि आजीच्या चोळीचा खण गेल्या काही वर्षांत साड्या, कुर्ते, पिशव्या आणि जाकिटे अशा नाना रूपांत कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानांत दिसू लागला आहे. सणाला, लग्नाला, हळदीकुंकवाला तो हौसेने वापरला जातो. कामावर जाताना मात्र तो भपकेबाज दिसेल या शंकेने पुन्हा कपाटात ठेवला जातो. ही शंका निराधार नाही, कारण काठ, बुट्टी, चमक आणि दोन गडद रंग एकाच कापडात आले की नजर तिकडे जाणारच. तरीही कापड नीट निवडले, शिवताना काठ कोठे येईल याचा विचार केला आणि सोबतचे कपडे साधे ठेवले, तर खणाचे एक बिनबाह्यांचे जाकीट बँकेत, महाविद्यालयात, सरकारी कचेरीत किंवा खासगी कंपनीच्या बैठकीत पूर्णपणे शोभते, असे माझे ठाम मत आहे.

साडी किंवा कुर्ता न सुचवता मी जाकीट सुचवते, त्यालाही कारण आहे. खणाच्या साडीत किंवा पूर्ण कुर्त्यात नक्षी अंगभर पसरते आणि तिला आवर घालायला काहीच उरत नाही. जाकिटात ती छाती, पाठ आणि कंबरेपुरती राहते, बाह्या आणि खालचा पोशाख साधा असतो, आणि नको वाटले तर जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवता येते. शिवाय तेच जाकीट कुर्त्यावर, शर्टावर आणि साडीवरही चालते, आणि मापात बदल केला की हाच विचार पुरुषांच्या जाकिटालाही लागू होतो.

आधी कार्यालयाचा संकेत समजून घ्यावा

कापड घेण्यापूर्वी आपल्या कामाच्या ठिकाणी काय चालते हे पाहून घ्यावे. राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबाबत ज्या सूचना दिल्या, त्यांत गडद रंगाचे आणि चित्रविचित्र नक्षीकाम किंवा चित्रे असलेले पेहराव टाळावेत असे म्हटले होते, आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरण्याची सूचनाही त्यांतच होती. शिक्षकांसाठी मार्च २०२४ मध्ये निघालेल्या सूचनांचा सूरही असाच आहे. या सूचना वाचून अनेकांनी नक्षीचे कपडे कायमचे बाजूला ठेवले, त्याची गरज नव्हती. मोठी फुले, प्राण्यांची चित्रे, अक्षरे, भडक विरोधी रंग हे कार्यालयात खटकते, हे खरेच. पण एकाच सुरातील बारीक विणीची बुट्टी चार हातांवरून जवळजवळ एकरंगी कापडासारखी दिसते. आपला खण या दुसऱ्या प्रकारातला आहे की नाही, हे पाहणे हीच निवडीची मुख्य कसोटी. शंका असेल तर आस्थापना शाखेत सरळ विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

वकिलांना न्यायालयात, परिचारिकांना रुग्णालयात आणि गणवेश ठरलेल्या संस्थांमध्ये अर्थातच हा पर्याय लागू नाही.

कापड निवडताना

खणाचे मूळ गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड. तेथील हातमागावर विणलेला पारंपरिक खण चोळीसाठी असे, म्हणून त्याचा पन्हा अरुंद, साधारण तीस इंचांच्या आसपास असतो, आणि दोन्ही कडांना काठ असतो. उभा धागा म्हणजे ताणा एका रंगाचा आणि आडवा धागा म्हणजे बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने अनेक खणांत धूपछाव दिसते: कापड हलवले की रंग पालटतो. बुट्ट्या मागावरच उठवलेल्या असतात, त्यामुळे कापड उलटे केले तर नक्षीचे सुटे धागे मागच्या बाजूला दिसतात. छापील नक्षीचे कापड उलटीकडून फिके दिसते, पण तेथे असे धागे नसतात. दुकानात पहिली गोष्ट ही करावी, की कापड उलटून पाहावे.

आज बाजारात खण म्हणून मिळणाऱ्या कापडात रुंद पन्ह्याचे, यंत्रमागावरचे आणि कृत्रिम धाग्याचे कापड पुष्कळ आहे. ते स्वस्त असते, चटकन चुरगळत नाही, आणि ज्यांचे बजेट मर्यादित आहे त्यांनी ते घ्यायला हरकत नाही. परंतु कार्यालयाच्या दृष्टीने त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे त्याची चमक ट्यूबलाइटखाली फार उठून दिसते, आणि दुसरी, त्यातून घाम टिपला जात नाही. कापड कशाचे आहे हे ओळखण्यासाठी कडेचे दोन-चार धागे काढून, दुकानाबाहेर आणि काळजीपूर्वक, जाळून पाहता येतात. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. अस्सल रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कृत्रिम रेशीम म्हणून विकला जाणारा रेयॉनचा धागाही कागदासारखाच जळतो, त्यामुळे केवळ वासावरून सुती आहे असे ठरवू नये; रेयॉनची चकाकी सुतापेक्षा जास्त असते, एवढे लक्षात ठेवावे. हातमागाचे कापड हवे असेल तर त्यावर हँडलूम मार्कचे लेबल आहे का ते पाहावे. केंद्र सरकारची ही खूण २००६ पासून आहे. माझा आग्रह हातमागाच्या सुती-रेशमी खणाचाच राहील, कारण त्याची चमक खोल आणि संयत असते, आणि आपण दिलेल्या पैशातील काही भाग मागावर बसणाऱ्या घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते.

बुट्टीचा आकार ठरवताना कापड हातात धरून पाहणे पुरेसे नाही, कारण हातात सगळीच नक्षी गोड दिसते. दुकानदाराला कापड उलगडून टेबलाच्या पलीकडे, साधारण चार फुटांवर धरायला सांगावे, कारण समोर बसलेला ग्राहक किंवा सहकारी आपल्याला तेवढ्याच अंतरावरून पाहत असतो. या अंतरावर बुट्ट्या सुट्या सुट्या मोजता येत असतील, तर ते कापड समारंभासाठी ठेवावे. बुट्ट्या एकमेकींत मिसळून कापडाला नुसता पोत असल्यासारखा भास होत असेल, तर ते कामाचे. नंतर दहा-बारा फुटांवरूनही पाहावे. बैठकीच्या खोलीत आपण तेवढ्या अंतरावर असतो. ज्यांना व्हिडिओ कॉलवर बसावे लागते त्यांनी दुकानातच मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावे, कारण फार बारीक आणि दाट रेघा कॅमेऱ्यात लाटांसारख्या हलताना दिसतात आणि समोरच्याचे लक्ष आपल्या बोलण्यावरून उडते. गोल किंवा चौकोनी छोट्या बुट्ट्यांत हा त्रास कमी होतो.

रंगाच्या बाबतीत पहिले जाकीट गडद निळ्या, बाटली हिरव्या किंवा वांगी रंगाचे घ्यावे. सरकारी सूचनांत 'गडद' हा शब्द असला तरी व्यवहारात आक्षेप येतो तो भडकपणावर. मात्र जेथे नियम काटेकोर पाळले जातात तेथे राखाडी किंवा मातकट छटेचा खण शोधावा, तोही मिळतो. शेंदरी, राणी आणि झळझळीत पिवळा पहिल्या जाकिटासाठी टाळावा. बुट्टी आणि मूळ रंग एकमेकांच्या जवळचे असावेत: निळ्यावर फिकी निळी, हिरव्यावर मोरपंखी, वांग्यावर तांबूस. धूपछाव असलेला खण दुकानाच्या दिव्याखाली एक दिसतो आणि दुपारच्या उन्हात दुसराच, म्हणून कापड दारापर्यंत नेऊन उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काठ शक्यतो अरुंद असावा, आणि जरीपेक्षा रंगीत धाग्याचा असावा. जरीचा धागा असलाच तर तो मंद, ताम्रवर्णी असावा.

किती कापड लागेल याचा अंदाज असा: छातीचे माप ३८ इंचांच्या आसपास असेल आणि जाकीट नितंबाच्या हाडापर्यंत हवे असेल, तर अरुंद पन्ह्याच्या खणाचे साधारण २ मीटर, आणि ४४ इंची पन्ह्याचे सव्वा ते दीड मीटर कापड पुरते. अरुंद पन्ह्यात पाठीचा एक तुकडा आणि पुढचे दोन तुकडे शेजारी मावत नाहीत, एकाखाली एक कापावे लागतात, म्हणून लांबी वाढते. कापण्यापूर्वी आपल्या शिंप्याला विचारून मगच कापड घ्यावे, कारण काठ पुढच्या उघडीवर हवा असेल तर थोडे जास्त लागते.

शिवायला टाकण्यापूर्वी

कापडाच्या कडेचा एक तुकडा, दहा इंच बाय दहा इंच, कापून घ्यावा आणि मोजून थंड पाण्यात अर्धा तास भिजवावा. वाळल्यावर पुन्हा मोजला की कापड किती आटते ते कळते. भिजलेला तुकडा पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर हे जाकीट पांढऱ्या कुर्त्यावर पावसात घालायचे नाही, हे तेथेच ठरून जाते, आणि पुढे एक चांगला कुर्ता वाचतो.

अस्तराबाबत कोणतीही तडजोड करू नये. खणाच्या मागच्या सुट्या धाग्यांत अंगठी, बांगडी, कुर्त्याचे बटण अडकते आणि धागा ओढला जाऊन पुढे सुरकुती पडते. त्यामुळे अस्तर हवेच. शिंपी बहुधा चकचकीत टॅफेटाचे अस्तर सुचवतात, कारण ते झटकन बसते आणि जाकीट सहज सरकते. पण मार्च ते मे या काळात आपल्याकडे दुपारी जो उकाडा असतो, त्यात टॅफेटा पाठीला चिकटते. सुती केंब्रिक किंवा जाडसर मलमल घ्यावी, तीही आधी धुऊन, आटवून. यासाठी लांब जायलाही नको. १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाल्यापासून साध्या सुती कापडाचे माहेरघर ठरलेली इचलकरंजी आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तेथील कापड शहरातल्या बहुतेक दुकानांत मिळते.

शिवण: येथे घाई नको

जाकीट कार्यालयीन दिसेल की जत्रेचे दिसेल, हे निम्म्याहून अधिक शिवणीवर ठरते, म्हणून शिंप्याजवळ बसून पुढील गोष्टी सविस्तर सांगाव्यात, आणि शक्य असेल तर कागदावर लिहून द्याव्यात.

काठ उभा लावावा. पुढच्या उघडीच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत गेलेला काठ अंगाला उंची देतो आणि नजर सरळ चेहऱ्याकडे नेतो. तोच काठ छातीवर किंवा नितंबावर आडवा आला की शरीर तेथे तुटल्यासारखे दिसते आणि पोशाखाला समारंभाचा थाट येतो. खालच्या घेराला काठ लावण्याची शिंप्यांना हौस असते. ती विनयाने नाकारावी. दोन पल्ल्यांवरच्या बुट्ट्या एका रेषेत याव्यात, हे कापतानाच सांगावे लागते, शिवताना त्याला इलाज उरत नाही. बटण लावल्यावर नक्षी अर्ध्या बुट्टीने वरखाली झालेली दिसली, तर कितीही महाग कापड असले तरी जाकीट घाईने शिवल्यासारखे वाटते.

गळा बायकांसाठी बिनकॉलरचा, गोल किंवा उथळ व्ही आकाराचा ठेवावा. मंगळसूत्र, ओढणी आणि कुर्त्याची पट्टी या सगळ्यांना तेथे जागा लागते, आणि वर आणखी उभी कॉलर आली की गळ्याशी दाटी होते. पुरुषांच्या जाकिटाला उभी कॉलरच शोभते. तिच्यात आणि काजपट्टीत बकरम, म्हणजे ताठपणा देणारे आतले कापड, घालावे, इतरत्र नको. संपूर्ण पुढच्या भागाला बकरम चिकटवले की खणाचा मूळ झुळझुळीतपणा जातो आणि जाकीट पुठ्ठ्यासारखे उभे राहते. बटणे लाकडी, नारळाच्या करवंटीची किंवा त्याच रंगाच्या साध्या कापडाने मढवलेली घ्यावीत. सोनेरी बटणे, लटकन, गोंडे, आरसे यांपैकी काहीही लावू नये. नक्षी असताना सजावट नको, हा नियम येथे अपवादाशिवाय पाळावा.

मुंढा म्हणजे बाहीची फट मापात असावी. आपल्याकडे बरेच कर्मचारी दुचाकीवरून जातात, म्हणून मापाच्या वेळी दोन्ही हात स्कूटरचे हँडल धरल्यासारखे पुढे करून पाहावेत. पाठ ओढली जात असेल तर मुंढा नव्हे, पाठीची रुंदी वाढवायला सांगावी. मुंढा खोल केला की आतल्या कुर्त्याची बाही चुण्या पडून बाहेर डोकावते. त्यानंतर खुर्चीवर बसून पाहावे. बसल्यावर जाकिटाचा पुढचा भाग मांडीवर दुमडून वर उचलला जात असेल तर लांबी एक-दोन इंच कमी करावी, किंवा दोन्ही बाजूंना चार इंची फट ठेवावी. दिवसाचे सात-आठ तास आपण बसून असतो, आणि तरीही माप घेताना सगळे उभेच राहतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

बाजूच्या शिवणीत एक खिसा जरूर ठेवावा, ओळखपत्र आणि पेन त्यात राहते. वरच्या बाजूला, छातीवर, बाहेरून खिसा नको, कारण त्यामुळे बुट्टी तुटते. शिवणीच्या आत एक इंच कापड राखून ठेवायला सांगावे. वजन वाढते, कमी होते, आणि असे जाकीट अनेक वर्षे टिकते.

जोडणी

मूळ तत्त्व एकच आहे: जाकिटावर नक्षी आहे, तर बाकी कशावरही नसावी. कुर्ता, शर्ट, साडी, ओढणी, पर्स, सगळे एकरंगी. आणि रंग निवडताना खणाच्या आतच पाहावे, कारण त्या कापडात ताण्याचा, बाण्याचा आणि बुट्टीचा असे दोन-तीन रंग असतातच. त्यातील सर्वांत फिका रंग आतल्या कपड्याला घेतला आणि सर्वांत गडद रंग खालच्याला घेतला, तर जोडणी सहसा चुकत नाही.

सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी जोडी म्हणजे दुधी किंवा फिक्या राखाडी रंगाचा गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता, पोटरीपर्यंत सरळ पडणारी गडद विजार आणि वर जाकीट. कुर्त्याची बाही पाऊण किंवा पूर्ण असावी. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर बिनबाह्यांचे जाकीट कार्यालयात अपुरे दिसते. चुडीदारही चालते, मात्र घेरदार पटियाला किंवा पलाझो घेतला की वर जाकीट आणि खाली घेर यांत अंग हरवून जाते. ओढणी घ्यायचीच असेल तर ती जाकिटाच्या वर, एका खांद्यावर, पिन लावून घ्यावी. दोन्ही खांद्यांवर पसरलेली ओढणी जाकीट झाकूनच टाकते.

शर्ट आणि फॉर्मल पँट यांवर हेच जाकीट मुलाखतीला किंवा बाहेरगावच्या ग्राहकांच्या भेटीला चांगले दिसते. शर्ट पांढरा किंवा फिका निळा, कॉलर कडक, आणि शर्ट खोचलेला असावा, कारण जाकिटाखालून शर्टाचे टोक लोंबत असेल तर सगळी मेहनत वाया जाते. पुरुषांसाठी तर ही जोडी सर्वोत्तम. टाय लावू नये. उभ्या कॉलरचे जाकीट आणि टाय यांचे जमत नाही. शुक्रवारी खादी घालण्याची पद्धत जेथे आहे, तेथे पांढऱ्या खादीच्या कुर्त्यावर किंवा शर्टावर खणाचे जाकीट घातले की सूचनाही पाळली जाते आणि आठवड्याचा शेवटचा दिवस थोडा खुलतो.

साडीच्या बाबतीत थोडे सांभाळून. इरकलीवर खणाची चोळी ही आपली जुनी, सुंदर जोडी आहे आणि ती तशीच राहू द्यावी. पण इरकलीला स्वतःचा काठ आणि पदर असतो, त्यावर खणाचे जाकीट चढवले की दोन काठ आणि दोन नक्ष्या एकमेकींशी भांडू लागतात. जाकीट घालायचे तर साडी बिनकाठाची किंवा एका बोटाच्या काठाची, सुती किंवा लिनन, एकरंगी असावी, आणि ब्लाउज साडीच्याच रंगाचा असावा. पदर जाकिटाच्या आतून घेऊन मागे सोडला की तो सरकत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात आणि फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षिकांना विशेष सोयीचे पडते. निऱ्या नेहमीपेक्षा एखादी कमी घ्याव्यात, म्हणजे कंबरेशी जाडी होत नाही.

आठवड्यातून दोनदा तेच जाकीट घालायला संकोच वाटू नये. सोमवारी कुर्त्यावर आणि गुरुवारी साडीवर घातलेले जाकीट पाहणाऱ्याला वेगवेगळे वाटते, कारण खालचा रंग बदलला की खणातला दुसरा रंग वर येतो. सलग दोन दिवस मात्र घालू नये. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे, तर घाम टिपलेल्या कापडाला एक दिवस वारा लागावा म्हणून.

दागिने आणि पायताण

कोल्हापुरी साज आणि खण ही जोडी डोळ्यांपुढे लगेच येते, पण साज कार्यालयासाठी नाही. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मिळणारी बारीक मण्यांची ठुशी शर्टाच्या किंवा कुर्त्याच्या गळ्यात एकटीच पुरे होते. हुपरीच्या चांदीच्या छोट्या कुड्या गडद निळ्या खणावर फारच छान दिसतात. ठुशी घातली तर कानात अगदी लहान काहीतरी घालावे.

कोल्हापुरी चपलेचा मान येथे वेगळा सांगायला नको. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांना मिळून आहे, हे खणाच्या दृष्टीनेही शोभणारेच. चप्पल लाइनमध्ये घेताना गोंडा नसलेली, बारीक वेणीची, नैसर्गिक चामड्याच्या रंगाची जोडी मागावी, आणि करकर वाजणारी नको असे स्पष्ट सांगावे. शांत कार्यालयात त्या आवाजाने सगळ्यांच्या माना वळतात. ही चप्पल वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेल्या चामड्याची असल्याने पाणी शोषते, म्हणून जून ते सप्टेंबर ती बाहेर काढू नये. शर्ट-पँटच्या जोडीवर बंद बूट घालावेत. ज्या कार्यालयात चपला चालत नाहीत तेथे वाद घालत बसू नये.

कारखान्यात आणि पावसाळ्यात

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल येथील औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कार्यालयाच्या खोलीत जाकीट शोभते; पण यंत्रांच्या विभागात, लेथ किंवा ड्रिलजवळ किंवा भट्टीच्या आसपास जायचे असेल तेव्हा जाकीट, ओढणी, सैल बाही आणि लोंबणारे ओळखपत्र यांपैकी काहीही अंगावर नको. फिरत्या भागात कापडाचे एक टोक सापडले तरी माणूस ओढला जातो. शिवाय ओतकामाच्या भट्टीजवळ कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. खुर्चीच्या मागे जाकीट अडकवून, कंपनीचा सुरक्षा पोशाख घालूनच आत जावे.

पावसाळ्यात जाकीट अंगावर घालून दुचाकीवरून निघण्यापेक्षा ते घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत, बॅगेत न्यावे आणि कार्यालयात पोहोचल्यावर घालावे. रेनकोटच्या आत घामाने आणि गळ्याशी झिरपणाऱ्या पाण्याने ते ओले होतेच, आणि रंग जाणारा खण असेल तर कुर्त्यावर डाग पडतो. हिवाळा, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, हा या जाकिटाचा खरा काळ. सकाळच्या गारव्यात ते अंगावर सुखद वाटते आणि दुपारी काढावेही लागत नाही.

निगा

प्रत्येक वेळी धुण्याची गरज नसते. घरी आल्यावर जाकीट उलटे करून, रुंद खांद्याच्या हँगरवर, वाऱ्याला तासभर टांगावे. चार-पाच वेळा घातल्यावर थंड पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात, हलक्या हाताने इतर कपड्यांपासून वेगळे धुवावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त भिजत ठेवू नये आणि पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले, की उलट्या बाजूने सावलीत वाळवावे. इस्त्री अस्तराच्या बाजूने आणि मध्यम तापमानावर करावी. बुट्टीवर थेट इस्त्री फिरवली की ती चपटी होऊन चकाकू लागते. जाकिटाला जरीचा काठ असेल तर डांबरगोळ्या त्याच्या अंगाला लागू देऊ नयेत, त्याने जरीचा धागा काळा पडतो. त्याऐवजी वाळलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये कपाट दमट होते, म्हणून ऊन पडलेल्या दिवशी जाकीट बाहेर काढून घडी मोडावी आणि वेगळ्या रेषेवर पुन्हा घालावी.

बुट्टीचा धागा ओढला जाऊन बाहेर आला तर तो कधीही कात्रीने कापू नये, कारण कापलेल्या जागेपासून शेजारचे धागेही सुटत जातात. जाड सुईच्या नेढ्यात तो धागा ओवून मागच्या बाजूला ओढून घ्यावा, अस्तराच्या आत राहू द्यावा, आणि पुढून नखाने कापड सारखे करावे. अस्तर मात्र काही वर्षांनी मुंढ्याशी आणि मानेशी विरतेच. ते उसवून नवे लावायला शिंप्याला फारसा वेळ लागत नाही. जुने अस्तर उसवल्यावर तेच नव्या अस्तराचे माप म्हणून वापरायला द्यावे, आणि नवी मलमल पुन्हा आधी धुऊन घेण्याची आठवण शिंप्याला करून द्यावी.